इकडे बारा, तिकडे अकरा

"टण्ण!" हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. वर्कशॉपमध्ये मी दोन पत्रे कडेला कड लावून ठेवले, वेल्डिंगचा टाका मारायला विसरलो आणि क्रेनवाल्याला हात दाखवला. एक पत्रा वर गेला, दुसरा खाली आदळला! फोरमन म्हणाला, "डोळ्यांनी जोडलंस, आता हातांनीही जोड!"

किस्से पत्र्याच्या कात्रणांसारखे साठतात. टाकून देववत नाहीत.

आता मी दक्षिणेत, अण्णा नगरात इंजिनिअरांच्या एका ऑफिसात कॉफी देतो. इथले पत्रे कॉम्प्युटरवर. प्रत्येकाचे चौकोन पाडतात. दोन पत्रे एकमेकांना छेदतात तिथे दोन्हींच्या चौकोनांचे कोपरे एकाच बिंदूवर यावे लागतात. नाही आले, तर जोड नुसता दिसतो, असत नाही.

ऑफिसातल्या सेंदिलने एकदा असल्याच न जुळलेल्या मॉडेलवर लोड, म्हणजे भार, दिला. एक पत्रा स्क्रीनबाहेर! "अय्यो सार, प्लेट गेली!"

आमचे साहेब राघवन सार मान वर न करता म्हणाले, "एग्मोर स्टेशनवर जा, गाडीत बसायच्या आत पकड!"

पुढच्या वेळी त्याने जवळपासचे सगळे बिंदू एकमेकांना चिकटवून टाकले. "सार, एरर गेली!"

"त्याबरोबर बोल्टचं भोकही चिकटून गेलं!"

सारांना चौकोनांमध्ये त्रिकोण खपत नाही. म्हणून मी मुद्दाम समोसे नेले. त्यांनी बराच वेळ निरखलं. "याच्यावर लोड येणार नाही ना? मग चालेल," म्हणत दोन खाल्ले!

नागपूरची वैशाली नवीन. तीन पत्र्यांचं मॉडेल चार वाजेपर्यंत जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. सार प्रत्येकाचं मॉडेल कागदावर काढून लाल पेनाने चुकांना गोल करतात. लाल गोल नसलेला कागद आजवर कुणालाच परत मिळालेला नाही.

"काका, एक जोड जुळवला की दुसरा बिघडतो!" ती रडकुंडीला आली होती.

मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजू लागलो. मी बोलतो सावकाश. "पोरी... जोडावर या पत्र्याचे बारा चौकोन... आणि त्याचे..."

"काका, चार वाजतील हो!"

"...अकरा."

तिने कपाळावर हात मारला. सगळे चौकोन पुसले. आधी जोडाच्या रेषांवर बिंदू ठरवले, मग तिथून चौकोन पत्र्यांवर नेले.

चार वाजता सारांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पहिला जोड पाहिला. दुसरा. तिसरा. चष्मा पुसून पुन्हा पहिला. वैशाली पुढे सरकली.

"काय झालं, सार?" तिने विचारलं.

सारांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, कागद तिच्या हातात दिला आणि ते केबिनकडे निघून गेले.