नशीबवान माणसाची बायको

व्हर्ना स्टोडोला रोज कॅसिनोत जाई, मशीनसमोर बसे, पैसे लावी आणि तरीही जुगार खेळत नसे. हे लोकांना पटवता पटवता तिच्या तोंडाला फेस आला होता. बहिणीला पटलं नाही, चर्चमधल्या बायकांना पटलं नाही, आणि नवऱ्याला, मर्लला, तर ती काय म्हणते तेच कधी कळलं नाही.

लास व्हेगासच्या पूर्वेला, पर्यटक फिरकत नाहीत अशा भागात, ती जाई तो कॅसिनो होता. तिथे मागच्या भिंतीलगत पोकरच्या मशीनची एक जुनी रांग होती. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते टाकून नवे घ्यायचे. बहुतेक मशीन अशा की साक्षात देव खेळायला बसला तरी शेवटी खिसा रिकामाच. या रांगेतल्या मशीन मात्र चांगले पत्ते जुळले की इतरांपेक्षा किंचित जास्त पैसे देत. एकही चूक न करता खेळलं आणि कॅसिनोकडून टपालानं येणारी फुकट खेळाची, जेवणाची कुपनं वापरली, तर वर्षाअखेर हातात काहीतरी उरे. पूर्वी तिला शाळेची बस चालवून मिळायचं त्याहून जरा बरं, इतकंच. "बसमध्ये निदान मागे पोरं गात तरी असायची," असं ती म्हणे.

शेजारच्या मशीनवर क्रिसांतो बसे. मूळचा फिलिपिन्सचा, नौदलात आचारी होता. त्याचाही हाच धंदा. दोघं वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून बसली, पण गुडघेदुखी आणि जेवण यांपलीकडे बोलली नाहीत. या धंद्यात गप्प राहावं, मिळेल ते घ्यावं आणि कुणाच्या डोळ्यांत भरू नये.

मग मर्ल निवृत्त झाला. जन्मभर एसी दुरुस्त केलेला गडी, घरात बसवेना. "मी पण येतो, तुला सोबत," म्हणाला. व्हर्नानं हो म्हटलं, आणि तिथेच तिचं चुकलं.

मर्ल मशीनशी बोले. पडद्यावर हात फिरवून "ही तापलीय, आता देणार" म्हणे आणि दुसऱ्या मिनिटाला तिसऱ्याच मशीनवर जाऊन बसे. ती मनात हिशेब करत असताना खांद्यावरून वाकून विचारी, "राजा का टाकलास? चांगला होता." क्रिसांतो शांतपणे दोन खुर्च्या सोडून बसू लागला.

एवढ्यावर भागतं तरी बरं. खेळणाऱ्यांची सरबराई करायला कॅसिनोनं ब्राइस नावाचा एक गोड बोलणारा तरुण ठेवला होता. एका दुपारी मर्लनं त्याला कॉफी पीत, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं, अभिमानानं सांगितलं, "माझी बायको कधी चुकत नाही. सगळी गणितं तोंडपाठ. वर्षाअखेर तुमचेच पैसे घरी आणते." ब्राइसनं तोंडभर कौतुक केलं.

पुढच्या महिन्यात व्हर्नाची कुपनं बंद झाली. थोड्याच दिवसांत मागच्या रांगेतल्या मशीन जिंकल्यावर जे देत, ते दरही उतरले. क्रिसांतोनं पडद्यावरचा नवा दर वाचला, जाकीट उचललं आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला कुत्रं का घेऊन देत नाहीस? फिरवायला नेईल."

घरी व्हर्ना संध्याकाळभर बोलत होती. मर्लनं सगळं ऐकून घेतलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मग काहीतरी भरपाई करावी म्हणून दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला आणि दारापाशी, वाटेवरच्या माणसाला लुबाडायलाच मांडलेल्या एका महाग मशीनवर बसला. हातात गुलामांची जोडी आली. जोडी म्हणजे लावलेले पैसे तर परत. कुणीही शहाणा ती मोडत नाही. मर्लनं मोडली. बदामची राणी आणि बदामचा गुलाम ठेवले, बाकी टाकलं. पडद्यावर बदामची दश्शी आली, राजा आला, एक्का आला: ओळीनं पाच बदाम, पोकरमधला सगळ्यात मोठा डाव. चार हजार डॉलर.

त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला. दर आठवड्याला त्याच्या नावानं कुपनांची जाडजूड पाकिटं येऊ लागली. कॅसिनोत त्याला जावयासारखी वागणूक. ब्राइस दारापर्यंत सामोरा येई, "या, मिस्टर स्टोडोला," आणि मागून येणाऱ्या व्हर्नाला, "मॅडम, तुम्ही यांच्या पाहुण्या ना?"

नवऱ्याच्या कुपनावर स्टेक खाताना तिला राहवलं नाही.

"जोडी का मोडलीस?"

"राणी तुझ्यासारखी दिसत होती," मर्ल म्हणाला. "तिला टाकवेना."

"सगळ्या राण्या सारख्याच दिसतात, मर्ल."

"नाही. ही चिडलेली होती."

व्हर्नानं सुरी खाली ठेवली. हसू येत होतं, पण ते त्याला दिसलं तर आणखी शेफारेल म्हणून ती पाणी प्यायली. मग कागदी रुमालावर पत्ते काढून जोडी का ठेवायची ते नीट समजावलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, दोन शंकाही विचारल्या. जेवण झाल्यावर दारातल्या मशीनवर बसला आणि पहिलीच जोडी मोडली. चौकटच्या राजाचा चेहरा त्याला प्रामाणिक वाटला होता.

ते चार हजार उन्हाळा सरायच्या आत जिथून आले तिथे परत गेले. मर्लला त्याचं काही नाही; नशीब विश्रांती घेतंय, म्हणाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो नशिबाबद्दल सल्ले देतो आणि लोक ऐकतातही. व्हर्नाचा सल्ला आजवर कुणी मागितलेला नाही.

शेवटी क्रिसांतोनंच शहराच्या उत्तरेला एक धूळकट जागा हुडकली. तिथे अजून चांगल्या दराच्या चार मशीन होत्या. आता व्हर्ना आणि तो सकाळी एकाच गाडीतून तिथे जातात. जाता जाता व्हर्ना मर्लला त्याच्या कॅसिनोच्या दारात सोडते. कुठे चाललात, असं त्यानं एकदा विचारलं होतं. व्यायामाला, असं तिनं सांगितलं. गाडीत बसल्या बसल्या क्रिसांतोनंही मान डोलावली.