उपास इकडचा, सकाळ तिकडची

मी अमरावतीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. जागतिकीकरण म्हटलं की मुलं आधी मोबाइल आणि पिझ्झा सांगतात. मग मी सांगते, काही अभ्यासक म्हणतात, सगळं जग एकाच बाजारात ओढलं जाऊन एकसारखं होतंय. काही म्हणतात, छे, बाहेरून आलेलं प्रत्येक गाव आपल्या वळणावर नेतं. मला पटतं ते तिसरंच. वेळ आणि जागा पूर्वी एकमेकींना बांधलेल्या होत्या, आता त्यांची फारकत झाली. नाती मातीतून उपटून कुठेही लावता येतात. उदाहरणादाखल मी अकोल्याच्या माझ्या भावाला वर्गात आणते. दादा भिक्षुकी करतो आणि अमेरिकेतल्या यजमानांचे सत्यनारायण मोबाइलवर सांगतो. मुलं हसतात. मीही हसायचे.

एका पौर्णिमेला मी दादाकडे होते. संध्याकाळची वेळ. चौरंगावर मोबाइल, पुढे दादा पोथी घेऊन बसलेला. पलीकडे तिकडची सकाळ, आणि एक म्हातारी एकटीच पूजेला बसलेली. मूळची परतवाड्याची, नवरा गेल्यावर मुलानं तिकडे नेली. मुलगा कामावर गेला होता.

कलशाची पूजा झाली आणि तिच्या हातातली पळी ताम्हनात पडली. कपाळावर घाम दिसत होता.

"गुरुजी, मले कसंतरी होऊन राह्यलं. डोयापुढं अंधारी येते."

"आजी, काही खाल्लंत का?"

"उपास हाय ना. तुमीच म्हनलं, सूर्योदय अकोल्याचा धरा."

दादाचा चेहरा पांढरा पडला. अकोल्यात उजाडलं तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. म्हणजे बाई रात्रीही जेवली नव्हती.

"आणि डायबेटिसची गोळी?"

"घेतली ना. राती बी, सकायी बी. गोयीनं का उपास मोडते?"

उपाशीपोटी दोनदा गोळी, म्हणजे रक्तातली साखर पार उतरलेली.

दादाच्या वहीतून नंबर घेऊन मी माझ्या फोनवरून तिच्या मुलाला फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलेना. तिकडे कुणाला मदतीला धाडायचं, तर कुठे? तिचं गोत्र, सासऱ्याचं नाव, सगळं दादाला पाठ; घराचा पत्ता आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. बाई आमच्या डोळ्यांदेखत मरणार, असंच मला वाटलं.

शिऱ्याची वाटी तिच्यासमोर हातभर अंतरावर होती.

"आजी, तो शिरा खा आधी!" दादा ओरडला.

"निवद कुठं दाखवला अजून?"

"राहू द्या नैवेद्य!"

"असं कसं, गुरुजी," ती म्हणाली. तिची मान खाली गेली.

मीही ओरडले, देव रागावत नाही म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिची कोण लागत होते?

दादानं पोथी बाजूला टाकली. काना-मात्रा चुकला तरी पुन्हा म्हणणारा माणूस, त्यानं सगळी कथा सोडून दिली. पळीभर पाणी घेतलं आणि पडद्यावर दिसणाऱ्या वाटीभोवती, मोबाइलच्या काचेवरच फिरवलं. "प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा," तो मोठमोठ्यानं म्हणत होता. "दाखवला, आजी! घ्या प्रसाद!"

हात चाचपडत वाटीपर्यंत आला. एक घास तोंडात गेला, बहुतेक दुसराही. मग तिकडचा फोन कलंडला आणि आम्हाला फक्त पांढरं छत दिसायला लागलं. आम्ही आजी, आजी हाका मारत होतो. थोड्या वेळानं फोनही बंद पडला.

अंधार पडल्यावर मुलाचा फोन आला. दादाला तो घ्यायचं धैर्य होईना, त्यानं माझ्या हातात दिला. आई शुद्धीवर आहे, मुलगा म्हणाला, मिस्ड कॉल पाहून शेजारणीला धाडलं होतं. मागून बारीक आवाज आला, "विचार ना गुरुजीले, पूजा पुरी झाली समजू काय?"

मी दादाकडे पाहिलं.

"झाली म्हण," तो म्हणाला. "आणि सांग त्यांना, यापुढे सूर्य तिथलाच धरा." एवढं बोलून तो रडायला लागला.