बाया आणि पोरं मिळून एक जागा

ती गेली हे मला गोंदियात कळलं, रक्त तपासायच्या रांगेत. उपाशीपोटी तासभर उभी होते, पुढे अजून चार माणसं, आणि भोजराजभाऊंचा फोन आला. भोजराजभाऊ म्हणजे रुक्माचे यजमान, फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी न गेलेला माणूस. "ताई, रुक्मा गेली. सकाळी आंगण झाडून राहिली होती, तिथंच बसली ते बसलीच," एवढं म्हणाले. मी रांग सोडली नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण नाही सोडली. नंबर आला, रक्त दिलं, कापूस दाबून धरला आणि मग बसस्टँड गाठलं. देवरीच्या गाडीत खिडकीतून धानाच्या बांध्या बघत राहिले. नुकती रोवणी झालेली, सगळं हिरवंगार, आणि माझ्या डोळ्यांत टिपूसही नाही. नुसता थकवा... हाडात मुरलेला. दीड महिना झाला, तो अजून गेलेला नाही.

रुक्मा आमच्या देवरीच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, मी मराठीची. ती कर्नाटकातल्या हल्याळकडच्या जंगलातली, सिद्दी समाजाची. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांना आफ्रिकेतून जहाजात घालून इकडे आणलं, त्यांची ही लेकरं. काळा तुकतुकीत रंग, कुरळे केस, आणि घरात बोलायची भाषा कोकणी-मराठीची सरमिसळ. चांगली धावायची म्हणून अकराव्या वर्षी खेळाच्या वसतिगृहात गेली, पुढे नागपूरला शिकायला आली, तिथं भोजराजभाऊंची गाठ पडली, आणि धानाच्या शेतीवाल्या घरात सून होऊन उतरली. पहिल्या दिवशी सातवीची पोरं तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. तिनं दोन मिनिटं बघू दिलं, मग शिट्टी वाजवली. "झालं पाहून? आता पळा."

लोक तिला परदेशी समजत. एकदा गोंदियाच्या बाजारात भाजीवाल्यानं तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत भाव सांगितला, तोही दुप्पट. ती म्हणाली, "काऊन बा, सांबार एवढा महाग काऊन देऊन राहिला?" भाजीवाल्याच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. मी हसून हसून बेजार झाले. परतीच्या गाडीत मात्र ती तिकिटाच्या घड्या घालत बसली होती. देवरी जवळ आल्यावर म्हणाली, "कुंदाताई, तीस वर्सं झाली, अजून मले सगळे विचारते, कुठली तू. मले माहीत असतं तं सांगितलं नसतं का?"

तिला खरोखरच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिच्या आईकडून आलेलं एक गाणं होतं, लग्नात हळदीच्या वेळी बाया म्हणत. त्यातले चार शब्द कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नव्हते. आईला अर्थ ठाऊक नव्हता, आजीलाही नव्हता. रुक्मा ते शब्द कपडे वाळत घालताना म्हणायची, भाजी निवडताना म्हणायची. तिची एकच इच्छा होती. आफ्रिकेत जायचं, एखाद्या म्हातारीसमोर ते चार शब्द म्हणायचे, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. काशी-रामेश्वर कधी तिच्या तोंडून ऐकलं नाही, पण हे शंभरदा ऐकलं असेल.

आणि मग खरंच तशी संधी आली. जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना एकत्र आणणारा तिकडचा कुठलासा गट होता. त्यांचा एक मेळावा ठरला आणि रुक्माच्या माहेरच्या समाजमंडळाला तीन जणांचं बोलावणं आलं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की बायकांना आणि तरुणांना आणा, त्यांच्याशिवाय हे काम पुढे जायचं नाही. मंडळानं पत्र वाचलं, चहा घेतला, आणि तीन ज्येष्ठ पुरुषांची नावं ठरवली! रुक्माला हे कळलं तेव्हा ती निवृत्त झालेली, गुडघे कुरकुरत होते, तरी दोन दिवस रेल्वे आणि एसट्या बदलत माहेरी जाऊन धडकली. एकदा नाही, चारदा. माहेराहून परत आली की माझ्या ओट्यावर बसून सगळं सांगायची. "मी म्हटलं त्याईले, ढोल तुमी वाजवता, पण कोणतं गाणं कवा म्हणाचं ते बायाले माहीत. फोनवर तिकडच्या पोराईशी बोलते ते आमचे पोरं-पोरी. मंग तुमी तिघं जाऊन तिथं करसान काय? फेटे दाखवसान?"

अखेर मंडळ नमलं, पण नमण्याचीही एक रीत असते. तिघांतली एक जागा सोडली. बाया आणि पोरं मिळून एक! जागेसाठी दोन नावं पुढे आली. एक रुक्माचं, दुसरं तिच्या भावाच्या मुलीचं, रेखाचं. रेखा एकोणीस वर्षांची, तिकडच्या मुलामुलींशी तासन्‌तास बोलणारी, गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी फोनवर टिपून ठेवणारी. मंडळाला रुक्माच हवी होती. मास्तरीण, पेन्शनवाली, आणि वयानं आता किती भांडणार, असा त्यांचा हिशेब असावा. रेखा तर म्हणालीच, आत्ती जात असेल तर मी नावच मागे घेते.

अर्ज भरायचा होता. माझं अक्षर बरं म्हणून रुक्मा तो माझ्याकडे घेऊन आली. सत्तावीस वर्षं मी शाळेतले दाखले लिहिले आहेत. नाव, जन्मतारीख, मूळ गाव... हात आपोआप चालतो. मूळ ठिकाणाच्या रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं, देवरी, जिल्हा गोंदिया. मनात किंचितही शंका आली नाही. ती आमचीच होती ना! तिनं अर्ज शांतपणे वाचला, सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी मंडळाचा निरोप आला. बाईंनी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलंय की आम्ही मूळचे देवरीचे, मग त्यांना तिकडे कशाला पाठवायचं? आम्हालाही त्याच हव्या होत्या, पण कागद तो कागद. अर्ज बाद. जागा रेखाला.

मी तशीच उठून तिच्या घरी गेले. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढल्या आणि स्वतः असली चूक केली. मी म्हटलं, मंडळाला फोन करते, पत्र लिहिते, पाया पडते. ती तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायले? झालं ते झालं. पण चूक तं झाली ना, कुंदाताई? मंग शिक्षा घ्या लागते." उद्यापासून सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानाला पाच चकरा, हे तिनं फर्मावलं. मला वाटलं गंमत करतेय. सहाला ती फाटकाशी उभी होती, गळ्यात शिट्टी.

अकरा महिने मी चकरा मारल्या. थंडीत, उन्हात, गुडघ्याला पट्टा बांधून. ती शेजारून चालायची, मी हळू पडले की शिट्टी वाजवायची. रस्त्यावरून जाणारे जुने विद्यार्थी हसायचे. मी दर आठवड्याला एकदा तरी माफी मागायची आणि ती दर वेळी एकच उत्तर द्यायची, "अजून तीन चकरा बाकी आहे." मी तिला चिवडा करून नेला, अनारसे नेले. तिनं खाल्ले, डबा घासून परत केला, शिक्षा कमी केली नाही.

रेखा जाऊन आली. मेळाव्यात तिनं ते गाणं म्हटलं. नंतर कितीतरी म्हाताऱ्यांना एकेक करून ते चार शब्द ऐकवले. कुणालाच कळले नाहीत. एकीनं अंदाज केला, दुसरीनं तो खोडला. पण दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या देशांतल्या मुली रेखाकडून ते गाणं शिकून घेत होत्या. रुक्मानं हे फोनवर ऐकलं तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिनं फोन पदरानं पुसून ठेवला. मग म्हणाली, "नाही कळलं तं नाही कळलं. त्या पोरीच्या तोंडी तं बसलं ना." माझं मन मात्र मानेना. ती स्वतः तिथं असती तर कुणास ठाऊक...

तेराव्याला रेखा आली होती. उंच, सडसडीत, चाल थेट आत्याची. पंगतीत माझ्या शेजारी बसली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रेखा, माझ्यामुळे तुझ्या आत्याचं जायचं राहिलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

तिनं हातातला घास पानात ठेवला. "मावशी, आत्तीनं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"सही करायच्या आधी तिनं मला फोनवर अर्ज वाचून दाखवलेला. मी म्हटलं, आत्ती, देवरी खोडा, तिथं आफ्रिका लिहायचंय, नाहीतर हे लोक नाव उडवतील. तर म्हणाली, उडवू देत. मी गेले तर नुसती बाई गेली. तू गेलीस तर बाईही गेली आणि पोरही. जागा एकच दिलीय ना त्यांनी, मग दोन्ही त्यातच बसवू. आणि कुंदाताईनं लिहिलंय ते काही खोटं नाही, असंही म्हणाली."

"आणि मग मी अकरा महिने चकरा मारल्या त्या?"

रेखा रडता रडता हसली. "ते मला काय माहीत? म्हणायची, सकाळी एकटीला चालायचा कंटाळा येतो."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन समोर उभा होता आणि मी त्याच्यासमोर ढसाढसा रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त. खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. माझी प्रत्येक माफी ऐकून घेतली, माझे अनारसे खाल्ले, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. तिला जायचं होतं. किती जायचं होतं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिनं ते त्या अर्जासारखंच घडी घालून ठेवलं. एवढं सगळं एकटीनं कशाला पचवायचं? माझ्याजवळ बोलली असती तर काय बिघडलं असतं?

सकाळी मी अजून मैदानावर जाते. शिट्टी वाजवणारं कुणी नाही, त्यामुळे हळू चालते, चौथ्या चकरेला दम लागतो, बाकावर टेकते आणि तिला मनसोक्त बोलून घेते. मग उठते आणि पाचवी पूर्ण करते. मी चूक केलीच नव्हती हे आता मला कळलंय, पण शिक्षा माफ करायचा अधिकार जिचा होता तीच गेली.