विनोदी अभिनयाचं बक्षीस

त्या परीक्षकाचा चेहरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही चार मित्रांनी हिंगोलीत नाटक कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, मोंढ्यातलं हळदीचं रिकामं गोडाऊन, एक सतरंजी आणि दोन हॅलोजन. शिंका देत देत तालमी चालायच्या. आमच्यातला एक दिवे सांभाळायचा, एक काळीपिवळी जीप चालवायचा. चौथा शाळेत मास्तर, नाटक त्यानंच लिहिलं होतं. दवाखान्यात डॉक्टर नसतो, एका बाईचं लेकरू दगावतं आणि मग उगवलेल्या डॉक्टरला ती जाब विचारते. डॉक्टर मी. आईच्या कामाला बाई मिळता मिळेना. शेवटी जवळच्या खेड्यातली अंगणवाडी सेविका तयार झाली. तिच्या सासूनं आधी साफ नकार दिला, मग अट घातली. लोक माझ्या सुनंला हासले, तर त्याच दिवशी नाटक बंद. आमी गंभीर नाटक करून राहिलो मावशी, कोण कशाला हासतंय, असं मीच छाती ठोकून सांगून आलो.

मास्तरानं स्पर्धा डोळ्यापुढं ठेवून सगळं शुद्ध लिहिलेलं. ‘माझं बाळ का गेलं, डॉक्टरसाहेब?’ हे वाक्य तिच्या तोंडून धडा वाचल्यासारखं यायचं. मास्तर रोज चिडायचा, ती रोज खाली मान घालायची. एका तालमीत तिचाही तोल गेला. माझ्या अंगावर येत ती म्हणाली, "काहून गेलं माझं लेकरू?" मी माझं पुढचं वाक्यच विसरलो. मग तेच ठरलं. मास्तर कुरकुरला, पण आम्ही तिघांनी त्याचं चालू दिलं नाही.

स्पर्धा मोठ्या शहरात होती. आमच्याच काळीपिवळीनं गेलो. सासूही आली, नवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली. प्रयोग रंगला होता, खरं सांगतो, हॉलमध्ये चिडीचूप. आणि ते वाक्य आलं. काहून म्हणताच पहिल्या रांगेतला परीक्षक खुदकन हसला. साहेब हसले म्हटल्यावर बाकीचे कशाला मागं राहतेत? सगळा हॉल हसला. त्यांच्या टीव्हीवर आमच्यासारखं बोलणारा माणूस एकतर नोकर असतो नाहीतर येडा. म्हणून लेकरू गेलेल्या आईचंही त्यांना हसू आलं. ती थांबली नाही, तिनं काम पुरं केलं. मला मात्र गळ्यातला स्टेथोस्कोप त्याला फेकून मारावासा वाटला.

दुपारी निकाल लागला. उत्कृष्ट विनोदी अभिनय: आमची बाई. मला आधी वाटलं, नाव चुकलं. मास्तर माझ्या कानात म्हणाला, बक्षीस ते बक्षीस, घेऊन टाकू, गावात कुणाला कळतंय. त्याला मी हासडलेली शिवी इथं लिहिता येत नाही.

ती जागची हलली नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिली. उठली ती सासू. स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन तिनं परीक्षकाला विचारलं, "आमच्यात लेकरू गेल्यावर बाया अशाच बोलतेत, साहेब. तुमच्यात कशा बोलतेत?"

त्यानं माईक तोंडाशी धरला आणि हसतच म्हणाला, आजी, पुढच्या वर्षी तुम्हीही काम करा. हॉल टाळ्या वाजवून मोकळा झाला. दाद दिली म्हणे. म्हातारी प्रश्न विचारून राहिली आणि हे दाद देऊन राहिले. आणि असल्या लोकांना कळावं म्हणून मी हे जमेल तितकं शुद्ध लिहितोय, त्याचाही मला राग येतो.

बक्षिसाची ढाल आम्ही तिथंच टेबलावर सोडली.  परतीला गाडीत मी पुढं बसलो होतो, पण मागं वळून म्हातारीकडं बघायची माझी हिंमत होईना. तिची अट मला पाठ होती. औंढ्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा सूनच तिला म्हणाली, उद्यापासून जात न्हाई मी तालमीला.

म्हातारीनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाली, "हासले ते. तोंड त्यायनं बंद करावं. तू काहून करती?"