पाच कुठून आले

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन फुलचूरच्या आमच्या घरी आली, तेव्हा तिचं बारावीचं रसायनशास्त्र राहिलेलं होतं. बाकी सगळे विषय निघाले होते. लग्नाआधी ही गोष्ट तिच्या माहेरच्यांनी लपवली नव्हती आणि आमच्याकडून कुणी विचारलीही नव्हती. धानाच्या रोवणीला चिखलात उतरेल का, एवढंच सासूबाईंनी विचारलं होतं. ती उतरली. माझ्याहून हातही चपळ होता तिचा.

त्या वर्षी धान कापून मिलवर गेलं, घरात जरा सवड झाली, तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, "दीदी, मले रिपीटरचा फॉर्म भराचा हाये."

सासूबाई लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "आता कायले?"

"नर्सिंगले बारावी लागते, आई."

सासूबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. नकार द्यायचा असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे दिला असता. माझ्या दिराचंही काही म्हणणं नव्हतं. फॉर्म मीच भरून दिला. घरातले सगळे फॉर्म मीच भरत असे.

मी लग्नाआधी बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं होतं. दुसरं अर्धवट राहिलं, त्याला तेरा वर्षं झाली होती. तरी खताच्या पाकिटावरचं वाचायचं असो की बँकेतून आलेला कागद, माझ्याकडेच यायचा. "मोठीले सगळं येते," असं सासूबाई पाहुण्यांना सांगत. सगळं येत नव्हतं, पण मी तसं कधी म्हटलं नाही. त्या घरात माझी ती एक जागा होती आणि मला ती आवडत होती. त्यामुळे जावेनं "रसायनशास्त्र तुमीच सांगा" म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

रोज दुपारी जेवणं आटोपली की आम्ही मागच्या ओसरीत बसायचो. तिची अडचण पहिल्या आठवड्यातच कळली. ऑक्सिडेशन आणि रिडक्शन हे प्रकरण अकरावीचं, पण ते आल्याशिवाय बारावीचा विजेच्या रसायनशास्त्राचा धडा पुढे सरकत नव्हता. तिचं दहावीपर्यंत सगळं मराठीत झालेलं, माहेरी पोवारी बोली, बाजारात हिंदी आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी. मोबाईलवर तिनं बरेच व्हिडिओ पाहिले होते. "तो सांगते चांगलं," ती म्हणाली, "पण थांबतच नाई. मी काऊन म्हणेपर्यंत तो समोर निघून जाते."

तिचे प्रश्न सरळ होते. "रिडक्शन म्हणजे कमी होणं ना? मंग इलेक्ट्रॉन घेतल्यावर कमी कसं झालं? घेतलं त वाढाले पाहिजे."

याचं उत्तर मला येत होतं. इलेक्ट्रॉन वजा असतो. वजाची वस्तू घेतली की आकडा खाली येतो. परमँगनेटमधलं मँगनीज अधिक सातवर असतं, पाच इलेक्ट्रॉन घेतं आणि अधिक दोनवर येतं. मी वहीच्या समासात सात ते दोन अशी शिडी काढून दाखवली. तिनं एकेक पायरी बोटानं मोजली आणि मान हलवली. मग म्हणाली, "आन् लोखंड दोनाचं तीन होते त त्याले ऑक्सिडेशन म्हणतेत. यात ऑक्सिजन त कोठीच नाई."

"नसला तरी चालते. इलेक्ट्रॉन गेला म्हणजे झालं ऑक्सिडेशन."

"मंग नाव कायले तसं ठेवलं?"

पूर्वी लोकांना ऑक्सिजनवाल्याच अभिक्रिया माहीत होत्या, मग बाकीच्या कळल्या, नाव तेच राहिलं, असं मी सांगितलं. हे तिला पटलं. तो आठवडा चांगला गेला.

पुढच्या आठवड्यात आम्ही समीकरण संतुलित करायला घेतलं. आम्लात परमँगनेट आणि लोह यांची अभिक्रिया, जी प्रत्येक गाईडमध्ये असते. मी मला आठवत होतं तसं केलं. परमँगनेटात चार ऑक्सिजन, म्हणून उजवीकडे चार पाणी. चार पाण्यांत आठ हायड्रोजन, म्हणून डावीकडे आठ हायड्रोजन आयन. मँगनीज दोन्हीकडे एक, लोह दोन्हीकडे एक. सगळे अणू मोजून पाहिले, एकही कमीजास्त नव्हता. मी खाली रेघ मारली.

तिनं गाईडचं मागचं पान काढलं. "दीदी, यात लोखंड पाच हाये. दोनीकडं पाच पाच."

मी गाईड हातात घेऊन पाहिलं. मग परत आमची वही पाहिली. अणू जुळत होते. जुळलेल्या ठिकाणी पाच कशाला पाहिजेत, हे मला कळेना. मी म्हणाले, "छापण्यात चुकलं असल. अशा गाईडात लय चुका राहतेत."

तिनं पेन्सिलीनं गाईडमधल्या पाचवर बारीक फुली मारली.

दोन दिवसांनी ती मोबाईल घेऊन आली. "व्हिडिओतबी पाचच सांगून राहिला तो."

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. पण तिच्या पलीकडे सासूबाई बसल्या होत्या. मी म्हणाले, "त्याची पद्धत वेगळी असल. तू हे असंच लिव."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. आम्ही पुढचा धडा घेतला. मला मात्र चैन पडेना. शनिवारी सकाळी सगळे वावरात गेले होते. मी पोळ्यांचं पीठ मळून झाकून ठेवलं, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर घेतलं आणि समीकरण पुन्हा मांडलं. या वेळी अणू सोडून त्यांच्या डोक्यावरची अधिक-वजाची चिन्हं मोजली. डावीकडे परमँगनेटचं वजा एक, आठ हायड्रोजनचे अधिक आठ, लोहाचे अधिक दोन. एकूण अधिक नऊ. उजवीकडे मँगनीजचे अधिक दोन, पाण्याचं काहीच नाही, लोहाचे अधिक तीन. एकूण अधिक पाच.

नऊ आणि पाच. चारचा फरक. मँगनीजला पाच इलेक्ट्रॉन लागत होते आणि माझं एकटं लोह त्याला एकच देत होतं. बाकीचे चार मी कुठूनच आणले नव्हते. प्रत्येक लोह एकच देतं, म्हणून पाच लोह. गाईडमधली छपाई बरोबर होती. शिडी काढून मीच तिला सात ते दोन हे अंतर दाखवलं होतं, आणि स्वतः समीकरण करताना ते विसरले होते.

मी आकडे पुन्हा भरून पाहिले. पाच लोह धरले की डावीकडे सतरा, उजवीकडेही सतरा. मग कागद घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवला.

त्या दिवशी मी तिला सांगितलं नाही. रविवारीही नाही. काय करावं याचा विचार करत होते, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मी टाळत होते. परीक्षेत हे समीकरण आलं नाही तर प्रश्न आपोआप मिटेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते मला आठवतं आणि त्याचं समर्थन मी करत नाही.

सोमवारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. आम्ही दोघीच होतो. मी डब्याखालचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. "ते गाईडचं बरोबर होतं. माह्यं चुकलं. हे पाय."

तिनं कागद नीट पाहिला. मग आपली वही काढली आणि शेवटून तिसरं पान उघडलं. तिथे तेच समीकरण तिच्या अक्षरात होतं, पाच लोहांचं.

"मी त व्हिडिओ पाह्यला तवापासून पाचच लिवून राहिली," ती म्हणाली. "तुमाले आईसमोर वाईट वाटन म्हणून नाई सांगतलं."

मी ते पान पुन्हा वाचलं. राग आला होता, आणि तो कुणाचा हे ठरवता येत नव्हतं. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान पोरीनं मला चार दिवस सांभाळून घेतलं होतं.

मग तिनंच विचारलं, "पण दीदी, पाच काऊन? तो नुसता पाचानं गुणा म्हणून सांगते. मी पाठ केलं, समजलं नाई."

हे मात्र माझ्याजवळ होतं. मी तिला नऊ आणि पाच मोजून दाखवले, चारचा फरक दाखवला, एकेक लोह वाढवत नेलं. दोन लोहांना तीन कमी, तीन लोहांना दोन कमी. चौथ्याला तिनं माझ्या हातातून पेन घेतला आणि पाचवं स्वतः लिहिलं. दोन्हीकडे सतरा आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे अणू पण मोजाचे आन् हे पण मोजाचे."

"दोनी."

दुसऱ्या दिवशी तिला हे खरोखर होताना पाहायचं होतं. बैलाच्या खुराची जखम धुवायला घरात पोटॅश, म्हणजे परमँगनेटच, होतं. त्याचे दोन-चार कण पेलाभर पाण्यात टाकले, जांभळं पाणी झालं. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं दिलेली लोहाची गोळी तिनं कुटून दुसऱ्या पाण्यात विरघळवली, आम्ल म्हणून लिंबू पिळलं, आणि हळूहळू ते जांभळ्या पाण्यात सोडलं. रंग गेला. ती एवढी खूश झाली की तिनं सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं. "गोळी खावाले देली होती तुले, रंग धुवाले नाई."

संध्याकाळी मला शंका आली म्हणून मी गोळी न घालता नुसतं लिंबू पिळून पाहिलं. रंग तरीही गेला. म्हणजे आमच्या प्रयोगानं काहीच सिद्ध झालं नव्हतं. हे मी तिला लगेच सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "लिंबूबी इलेक्ट्रॉन देते मंग." तेही बरोबरच होतं.

परीक्षेत ते समीकरण आलं नाही. दुसरं आलं, क्रोमियमचं. तिनं अर्धंच सोडवलं, पण दोन्ही बाजूंची चिन्हं जुळतील एवढं केलं होतं, असं तिनं घरी येऊन सांगितलं. निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती. गुण फार नव्हते. नर्सिंगला पुरले.

त्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या कॉलेजात चौकशी केली. माझं पहिलं वर्ष आता धरलं जाणार नाही, सगळं नव्यानं करावं लागेल, असं तिथल्या क्लार्कनं सांगितलं. मी आभार मानून परत आले. घरी कुणाला बोलले नाही. तिला प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटले गेले, त्यातला मीही खाल्ला. आनंद झाला होता, पण सगळा आनंदच होता असं नाही.

आता ती रोज सकाळी आठला गाडी काढते आणि शेजारच्या गावची एक मैत्रीण वाटेत घेऊन गोंदियाला जाते. तिच्या वाट्याची सकाळची कामं माझ्याकडे आली. पहिले दोन महिने मी काही बोलले नाही, मग एक दिवस बोलले. जरा तोडूनच बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरोबर हाये तुमचं." तेव्हापासून रविवारचा दोन्ही वेळचा स्वयंपाक तिचा. ती भाजीत तिखट जास्त घालते. सासूबाई कुरकुरतात आणि दोन पोळ्या जास्त खातात.