फॉस्फाइडवर शिंपडलेलं पाणी

खंडेनवमी जवळ आली, बाजारात झेंडूचे ढीग लागले, की माझं डोकं अजून फिरतं. घरात सणाची गडबड असते आणि मी भांडी आदळत असते. अर्धा ग्रॅम काळ्या भुकटीवरून एवढा राग, तोही इतक्या वर्षांनी, हे कुणाला सांगून पटायचं?

ती भुकटी म्हणजे गॅडोलिनियम फॉस्फाइड. गॅडोलिनियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. त्याचा आणि फॉस्फरसचा संयोग घडवायचा आणि त्याचे गुणधर्म तपासायचे, एवढंच माझ्या पीएचडीचं काम. एवढंच! औरंगाबादच्या आमच्या कॉलेजात त्यासाठी होती एक जुनी भट्टी, एक धापा टाकणारा व्हॅक्यूम पंप आणि मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. रोज सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनहून यायचे. बरीच वर्षं रोजंदारीवर काढली होती आणि त्या वर्षी ते एकदाचे कायम होणार होते.

धातूचा कीस आणि तांबडा फॉस्फरस क्वार्ट्झच्या नळीत भरायचा, आतली हवा खेचून घ्यायची आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. हे शेवटचं काम विभागात फक्त मामांना जमायचं. सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, अजिबात जमायचं नाही. शोधनिबंधात 'आम्ही नळी बंद केली' असं लिहिताना मात्र त्यांचा हात कधी अडखळला नाही.

बंद नळी भट्टीत ठेवली की तापमान मुंगीच्या पावलानं वाढवायचं. घाई केली की फॉस्फरसची वाफ कोंडते आणि नळी फुटते. माझ्या दोन फुटल्या. एक माझ्याच उतावीळपणामुळे, दुसरी लोडशेडिंगनंतर वीज आली आणि भट्टी एकदम तापत गेली म्हणून. तिसऱ्या वेळी मामा आणि मी आळीपाळीनं भट्टीपाशी बसलो. ती टिकली.

आत निघाली काळी, किंचित चमकणारी भुकटी. एक्स-रेमध्ये तिची रचना खाण्याच्या मिठासारखी, स्वच्छ दिसली. आता चुंबकत्व तपासायचं होतं. द्रव हेलियमच्या थंडीत तिच्यातले अणूंचे चुंबक एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसतात का, ते पाहायचं होतं. तसलं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला! दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत अर्धं वर्ष वाट पाहून मला दसऱ्यानंतरची तारीख मिळाली होती. तोवर भुकटी सांभाळायची. तिचं वैर पाण्याशी. ओल लागली की फॉस्फाइड मोडतं आणि फॉस्फीन सुटतो. हा वायू विषारी, वास सडक्या माशांचा किंवा लसणाचा. हे मला सरांनीच शिकवलं होतं. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून.

खंडेनवमीला आमच्या विभागात सगळी उपकरणं बंद ठेवून पुसायची, हळदकुंकू वाहायचं, हार घालायचे. पूजा मामा करायचे, कारण हत्यार ज्याच्या हाती, पूजा त्याच्या हातची, अशी आमच्याकडची रीत होती. मला ती आवडायची. त्या वर्षी मात्र सरांनी पेपरचा फोटोग्राफर आणि काही पाहुणे बोलावले.

"आपलं संयुग पुढे ठेव गं. डिशमध्ये काढ, फोटोत दिसलं पाहिजे."

"सर, हवा लागेल."

"दोन मिनिटांत काय होतंय? नाट लावू नकोस."

हवेऐवजी आर्गॉन वायू भरून ठेवलेली कुपी मी माझ्या हातानं उघडली आणि सगळी भुकटी डिशमध्ये ओतली. मामा तांब्या घेऊन भट्टी, पंप, तराजू असं करत झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडत आले. डिशपाशी थबकले.

"ताई, ह्याला पाणी चालतं का?"

कॅमेरा रोखलेला होता. पाहुणे ताटकळले होते. माझ्या प्रबंधावर सही सरांची लागणार होती. त्या खोलीत दोघांना उत्तर ठाऊक होतं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "चालतं, मामा."

थोड्याच वेळात वास सुटला. "लसणाची चटणी कुणी आणली रे?" म्हणून कुणीतरी हसलं. मामांनी धावत खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. डिशमध्ये राखाडी चिखल उरला.

सुट्टी संपताच सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. 'परिचराच्या निष्काळजीपणामुळे नमुना नष्ट झाला.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव आधीच टाइप केलेलं. सर भित्रे होते, हलकट होते, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण पेन माझ्या हातात होतं. मी सही केली. सरांवरचा राग काढायला शिव्या आहेत. स्वतःवरच्या रागाचं काय करायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मामा कायम झाले नाहीत. महिन्याभरात त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला ज्योतीवर नळी बंद करायला शिकवलं. "घाई नाय करायची ताई, काच आपसूक मिटती." पुढची नळी मीच बंद केली. मोजमाप झालं, पदवी मिळाली. प्रबंधात आभाराच्या पानावर सरांचं नाव पहिलं आहे. मामांची ओळ सरांनी खोडली, आणि मी ती पुन्हा लिहिली नाही.

पेढे घेऊन मी लासूर स्टेशनला गेले. मामा आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलत होते. त्यांनी मला घराच्या ओट्यावर बसवलं, आणि मी पुडा उघडण्याआधीच म्हणाले, "ताई, येक इचारू? घरची म्हणती, तुमी न इचारताच पाणी मारलं आसंल. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. त्या दिशी म्या इचारलं व्हतं का नाय?"

"विचारलं होतं, मामा. मीच चालतं म्हणाले."

आता ते चिडतील असं मला वाटलं. त्यांनी चिडावं म्हणून मी मान खाली घालून बसले. मामांनी दाराकडे तोंड वळवलं आणि आत हाक मारली.

"ऐकलं का गं? इचारलं व्हतं म्या."