कोमट पाण्याचे दोन डबे

त्या हिवाळ्यात मी दुपारी चारपासून आभाळाकडे बघायला लागायचो. ढग असले की जीव जरा भांड्यात पडायचा. ढग असले म्हणजे रात्री पारा फार उतरत नाही. पण आभाळ स्वच्छ निळं राहिलं की माझं कामातलं लक्ष उडायचं. बायको म्हणायची, "अहो, लोक ऊन पडलं की खूश होतात. तुमचं उलटंच!"

हे दोन हजार चौदा सालचं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमध्ये, मी एका गाईंच्या फार्मवर कामाला होतो. जून-जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. मी नववीतून शाळा सोडलेला, कराडच्या एका गॅरेजात पंधरा वर्षं जीपगाड्यांखाली झोपून काढलेला माणूस. इथल्या हॉस्पिटलात कराडकडचे एक डॉक्टर होते. फार्मचा मालक त्यांचा पेशंट. "मशिनरी सांभाळणारा भरवशाचा माणूस मिळत नाही," असं तो एकदा त्यांच्यापाशी बोलला आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. एका वर्षाचा व्हिसा मिळाला. पुढच्या वर्षाचा मिळायचा तर मालकाचं पत्र लागणार होतं, की हा माणूस मला हवा आहे. ते पत्र जुलैअखेर द्यायचं होतं. माझा सगळा जीव त्या एका कागदात अडकला होता.

मालकाने आम्हाला फार्मवरचं छोटं घर दिलं, आणि एक वीस वर्षांची डिझेल पिकअप. तिकडे तिला यूट म्हणतात. बायको कराडला नर्स होती. इथे तिचं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं, तोवर ती गावातल्या वृद्धाश्रमात कामाला जायची. सकाळी सातची ड्यूटी, चौदा किलोमीटर रस्ता. सोडायचं काम माझं आणि यूटचं.

यूट ताब्यात आली तेव्हा एप्रिल होता. एवढा विश्वास टाकलाय माणसाने, तर आपणही काहीतरी करून दाखवावं, असं मला झालं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत गंजाचा गाळ आणि शेवाळी पाणी. मी खालचा नळ सोडला, वरून पाइप लावला आणि नितळ पाणी येईपर्यंत अख्खी सिस्टिम धुऊन काढली. आमच्या मिस्त्रीने शिकवलं होतं तसंच, अगदी मन लावून. मग स्वच्छ पाणी भरलं. ते शेवाळी पाणी म्हणजे कुलंट होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे कुलंट म्हणजे शोरूमच्या गाड्यांचे लाड. जीपला विहिरीचं पाणी चालतं, तर हिला का नाही? मालक येऊन बघून गेला. इंजिन धुतलेलं, तारा बांधलेल्या. "गुड अ‍ॅज गोल्ड," म्हणाला. मी आठवडाभर त्या तीन शब्दांवर जगलो.

जूनमध्ये पहिलं कडक हिंव पडलं. सकाळी गोठ्यामागचा नळाचा लोखंडी पाइप उभा फाटलेला. मालक सगळ्यांना मेट, म्हणजे दोस्त म्हणायचा. म्हणाला, "पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, मेट. लोखंडालासुद्धा फाडतो." मी मान हलवली आणि दुसऱ्या क्षणी मला रेडिएटर आठवला. इंजिनाचा ब्लॉक आठवला, त्याच्या आतही तेच पाणी. यूटखाली शिरून बघितलं; सुदैवाने कुठे ओल दिसली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हे आठवीच्या विज्ञानात होतं."

"आठवीत मी पास झालोय."

"मग मालकाला सांगून टाका. माणूस चांगला आहे."

चांगला आहे म्हणूनच तर सांगवत नव्हतं. मशिनरी सांभाळायला आणलेला माणूस, आणि त्यानेच आल्या महिन्यात इंजिनाच्या मुळावर घाव घातला. डॉक्टरांचा शब्द जाणार, पत्र जाणार. बायको म्हणाली, मग गुपचूप ते न गोठणारं कुलंट आणून ओता. पण गावात सामानाचं दुकान एकच, आणि ते मालकाच्या मेहुण्याचं. मी साधा स्क्रू घेतला तरी संध्याकाळपर्यंत मालकाला कळायचं. शिवाय डबे हिरवे, लाल, निळे. चुकीचं ओतलं तर आत चिखल होतो म्हणे. डब्यावरचं बारीक इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, आणि दुकानात बायकोला वाचायला लावणं म्हणजे बोंब मारण्यासारखंच.

म्हणून मी माझा उपाय काढला. रोज अंधार पडायच्या आत यूट घरासमोर लावायची, रेडिएटरचा नळ सोडायचा, खाली आडवं होऊन ब्लॉकचाही सोडायचा आणि सगळं पाणी जमिनीवर जाऊ द्यायचं. स्टिअरिंगला कापडाची लाल चिंधी बांधायची, म्हणजे सकाळी घाईत कोरडी गाडी चालू व्हायची नाही. साडेपाचला उठून न्हाणीघरातल्या गरम पाण्यात गार मिसळून दोन डबे भरायचे. कढत नको, गार इंजिन तडकेल. तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना बघतात तसं कोपर बुडवून बघायचो. बायको दारात उभी राहून शालीतून म्हणायची, "झाली का लेकराची आंघोळ? टाळू भरा आता."

मग इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, पुन्हा एकदा तापवायचं आणि सेल्फ मारायचा. पहिले चार ठोके एका सिलिंडरवर, पांढरा धूर, मग दुसरा, तिसरा. चारही लागले की मी देवाचं नाव घ्यायचो. रस्त्यावर पुलाच्या सावलीत काळा बर्फ असायचा, डांबरासारखाच दिसणारा. तिथे ब्रेकला पाय लावायचा नाही, तिसऱ्या गिअरमध्ये तरंगत जायचं. पण मी बर्फाकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघायचो. बायको दाराची दांडी घट्ट धरून बसायची. 

असे पाच आठवडे गेले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, एका बुधवारी, मी वरच्या रानात गाईंना गवताचे गठ्ठे सोडून ट्रॅक्टरने परत आलो तर घरासमोर यूट नव्हती. दारात मालकाची चिठ्ठी. बायको सोबतिणीच्या गाडीने ड्यूटीवरून आली, तिने वाचली, "यूट घेऊन जातोय. उद्या बोलू." बायको म्हणाली, "एवढंच लिहिलंय."

बाहेर आभाळ काचेसारखं झालं होतं. साडेपाच वाजले होते आणि कुंपणाच्या तारा आत्ताच पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. यूट मालकाच्या शेडबाहेर उभी असणार, पोटात दहा लिटर साधं पाणी घेऊन. सकाळपर्यंत ब्लॉक फुटणार म्हणजे फुटणार.

"फोन करा," बायको म्हणाली.

"काय सांगू फोनवर? इंग्रजीत?"

"मग चालत जा. पण आज सांगून या. नाहीतर मी जाऊन सांगते."

मी निघालो. पंधरा मिनिटांची वाट. सांगायचं ठरवूनच निघालो होतो, खरंच. पण शेड दिसली, बाहेर यूट दिसली, आसपास कोणी नाही, आणि माझे पाय घराच्या दाराकडे न जाता यूटकडे वळले. आधी पाणी सोडू, मग सांगू. मी खाली शिरलो. नळ निम्मा फिरवला आणि कुत्रं भुंकायला लागलं. टॉर्चचा उजेड माझ्या बुटांवर पडला.

"मेट," मालकाचा आवाज आला, "डिझेल चोरायचं असेल तर टाकी त्या बाजूला आहे."

मी बाहेर आलो. कोपरापासून पाणी निथळत होतं. इंग्रजी येईल तसं सांगितलं. एप्रिलमध्ये धुतलेला रेडिएटर, साधं पाणी, रोजचं सोडणं, सकाळचे डबे.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"गरम पाणी?"

"गरम नाही. कोमट." मी कोपर दाखवलं.

तो खोक्यावर बसला. हसला की काय ते अंधारात दिसलं नाही. म्हणाला, "मी आठवडाभर तुझ्या घरासमोर ते बर्फाचं डबकं बघतोय. वाटलं, रेडिएटर गेला, म्हातारी संपली. उद्या भंगारवाला येणार होता."

माझ्या तोंडून सॉरी निघालं तसा तो चिडला. पहिल्यांदाच चिडलेला पाहिला. "यूट गेली खड्ड्यात! चालत्या गाडीतसुद्धा रेडिएटर गोठतो, माहीत आहे? त्या रस्त्यावर, बायको शेजारी बसलेली असताना! मला एकदा येऊन सांगता आलं नाही तुला?"

 शेवटी मी जे खरं होतं ते बोललो, "पत्र. पत्राची भीती."

त्याने बसल्या बसल्या टॉर्च धरून माझ्याकडून दोन्ही नळ पुरते सोडवून घेतले. मग उठला आणि म्हणाला, "सकाळी आठला ये. इंजिन बघू, मग पत्राचं बघू."

घरी बायकोने भात वाढला. मालक म्हणाला ते सगळं मी तिला सांगितलं. ती दोन घास खाऊन उठली. उद्या तिची सुट्टी होती, तेवढंच बरं.

सकाळी शेडमध्ये त्याने स्वतः हात लावला नाही. "तूच लाव, तूच बघ." गळती कळावी म्हणून मी पाणी भरून पंपाने आत प्रेशर दिलं. ब्लॉकच्या कुशीत पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात, त्यातली एक थेंब थेंब गळत होती. आधीच कधीतरी बर्फाने ढकललेली. म्हणजे त्या पहिल्या रात्री, नाहीतर पुढे कधी पाणी पुरतं निघालं नसेल तेव्हा. मालकाने नवी टोपी आणून दिली.  मी ती टोपी काढली, नवी ठोकून बसवली, हिरवं कुलंट मोजून भरलं आणि सेल्फ मारला. अर्धा तास आम्ही दोघं वाकून त्या जागेकडे बघत होतो. मी कोरड्या कागदाचा तुकडा खाली धरला होता. तुकडा कोरडाच राहिला.

मग त्याने मला कुलंट तपासायची छोटी काचेची नळी दिली आणि म्हणाला, ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर, सगळं तपास, कुठलंही वाईट निघालं तर त्याच मिनिटाला माझ्याकडे ये. "त्याच मिनिटाला," पुन्हा म्हणाला. मी तीन तास तेच केलं. ट्रकचं कमजोर निघालं. मी अक्षरशः धावत गेलो. तो म्हणाला, "अरे, मला माहीत होतं. बघत होतो येतोस का."

दुपारी त्याने कामाच्या टेबलावर पाने बाजूला सारून एक कोरा कागद ठेवला. हात पुसले, तरी काळेच राहिले. दोन ओळी लिहून थांबला. "तुझं पूर्ण नाव कसं लिहितात? चुकलं तर व्हिसावाले पत्र परत पाठवतील." त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल दिली.

मी मोठ्या अक्षरांत एकेक अक्षर सुटं काढत गेलो. मधलं एक अक्षर नीट लागावं म्हणून दोनदा गिरवलं. मग पुठ्ठा त्याच्याकडे सरकवला, आणि तो एकेक अक्षर बघून पत्रात उतरवायला लागला.